जनीचे जाते

गंगाखेड हे गाव परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोदावरीच्या काठी वसलेले आहे. ह्या मुलखात गोदावरीला लोक गंगाच म्हणतात, आणि गावाच्या नावातील गंगा ती हीच होय. सुमारे सातशे वर्षांपूर्वी ह्या गावी दमा नावाच्या एका गरीब विठ्ठलभक्ताच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव जनी. ती लहान असतानाच पित्याने तिला पंढरपुरास नेले आणि दामाशेटी शिंप्याच्या घरी कामास ठेविले, अशी परंपरा आहे. ह्या दामाशेटींचे पुत्र म्हणजेच संत नामदेव. त्यांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. परंतु १ मे १९९९ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही परभणीतच होते. म्हणजे धनी आणि दासी ही दोघेही एकाच मातीची.

जनीने त्या घरी जन्मभर दळणकांडण केले, पाणी भरिले, शेणी थापल्या, धुणी धुतली. आणि ही कामे करीत असता तिने अभंग रचिले. नामदेवांच्या गाथेत तिच्या नाममुद्रेचे सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात. ते सगळे एकाच हातचे नसावेत असे अभ्यासकांचे मत आहे. पण हेही ध्यानात घेण्यासारखेच आहे. पुढील काळातील कोणा अनामिकाला स्वतःचे मन उघडे करावयाचे असता राजाचे वा पंडिताचे नाव न घेता एका दळणाऱ्या दासीचे नाव घ्यावेसे वाटले, ह्याचा अर्थ असा की, त्या आवाजात लोकांना काही अपूर्व सापडले होते. ते काय होते, आणि स्त्रियांच्या भावनांच्या इतिहासात त्याचे स्थान कोणते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘भावनांचा इतिहास’ हा शब्दप्रयोग प्रथम ऐकताना थोडा विचित्र वाटतो. इतिहास राज्यांचा, लढायांचा, तहांचा. भावना तर निसर्गाने दिलेल्या. आई लेकराला जवळ घेते तेव्हा तिच्या मनात जे उठते ते यादवांच्या काळीही उठत असेल, आणि आजही उठते. हे खरे. परंतु कोणती भावना कोणाला शोभते, ती कोठे दाखवावी, कोठे गिळावी, हे निसर्ग ठरवीत नाही. ते समाज ठरवितो, आणि समाज बदलला की ते बदलते. ह्याची साक्ष आपल्या नित्याच्या भाषेतच मिळते. पुरुष संतापला तर तो करारी. स्त्री संतापली तर ती आक्रस्ताळी. स्त्री रडली तर ते तिच्या स्वभावास धरून झाले. पुरुष रडला तर तो बायकी. राग पुरुषाच्या वाट्याला आणि अश्रू स्त्रीच्या वाट्याला, अशी ही वाटणी कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेली नाही. तरी जमिनीच्या वाटणीपेक्षा ती अधिक चिवट ठरली आहे.

ह्या वाटणीत कामभावनेचा तर उच्चारही नव्हता. कुलीन स्त्रीने नवऱ्याचे नावदेखील घ्यावयाचे नाही, अशी रीत होती. मंगलप्रसंगी उखाण्यात गुंफून ते एकदा घ्यावयाचे. तेही चारचौघींनी आग्रह केला म्हणून, लाजत. जिच्या ओठांवर नवऱ्याचे नाव यावयाचे नाही, तिने आपली आवड, नावड, ओढ वा विरक्ती कोणापाशी बोलावी? घरात सासू, दारात सासरा, आणि माहेर कोसांवर.

तिला एकच जागा मोकळी होती, आणि ती म्हणजे जात्याची. पहाटे, घरातील पुरुष निजलेले असता, ती जात्याशी बसे. जोंधळ्याची मूठ जात्याच्या तोंडात सोडावयाची, खुंटा धरून वरची तळी फिरवावयाची, आणि त्या घरघरीच्या लयीत ओवी म्हणावयाची. समोर जाऊ वा नणंद बसली तर दोन हात एका खुंट्यावर पडत आणि एकीची ओवी दुसरी उचलून धरी. जात्याच्या आवाजात शब्द झाकून जात. ज्याला ऐकावयाचे नाही त्याला ते ऐकू येत नसत. ही प्रथा किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. तेव्हा ज्ञानेश्वरीला जो छंद लाभला, त्याचे माहेर स्त्रियांच्या उखळापाशी आणि जात्यापाशी आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

ह्या ओव्यांत भावाची वाट पाहणे आहे, आईची आठवण आहे, लेकीची पाठवणी आहे, सासुरवासाचे सल आहेत. आणि सीता आहे. गर्भवती असता रानात सोडलेली सीता ही जात्यावरच्या स्त्रियांना विशेष जवळची. रामाला देव मानणाऱ्या स्त्रिया त्याच रामाला सीतेच्या वतीने पहाटे जाब विचारतात. स्वतःच्या नवऱ्याविषयी जे बोलता येत नाही, ते सीतेच्या नवऱ्याविषयी बोलता येते. दडपलेली भावना नाहीशी होत नाही; ती दुसऱ्याच्या नावाने बोलू लागते, हा ह्यातील बोध.

जनीने ह्या जात्याशीच देवाला आणून बसविले. तिच्या अभंगांतील विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, गोवऱ्या वेचू लागतो, तिची वेणी घालतो. तो क्वचितच विटेवर उभा असतो. बहुधा तो तिच्या कामात असतो. आणि दासी असूनही ती त्याला भिऊन नाही. ती त्याच्यावर रुसते, त्याला खरपूस बोल लावते, प्रसंगी शिव्याशापही देते. ज्या स्त्रीला धन्यासमोर वर मान करण्याची सोय नव्हती, तिने जगाच्या धन्याला दटावावे, ही सामान्य घटना नव्हे. राग हा केवळ पुरुषाचा वाटा नाही, हे तिने कोणताही वाद न घालता सिद्ध केले. स्त्रीजन्म मिळाला म्हणून खंत करण्याचे कारण नाही, असा अर्थाचा अभंगही तिच्या नावावर आहे. आणि दुसऱ्या एका अभंगात ती डोईवरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारातून जाण्याची भाषा करते. पदर हे लज्जेचे चिन्ह. ते तिने सारून दिले, आणि लोकलज्जेपेक्षा आपली ओढ मोठी असल्याचे उघडपणे सांगितले. तेराव्याचौदाव्या शतकातील एका मोलकरणीच्या तोंडी हे शब्द आहेत, हे विसरून चालावयाचे नाही.

वारकरी संप्रदायाने ह्याच्या उलट बाजूनेही ती वाटणी मोडली. येथे पुरुषांना कोमल होण्याची मुभा मिळाली. विठ्ठल हा पुरुषदेव. पण त्याला ‘विठाई’ म्हणून हाक मारावयाची. ज्ञानेश्वर हे संन्याशाचे पुत्र आणि प्रकांड तत्त्वज्ञ. पण त्यांना ‘माउली’ म्हणावयाचे. ज्ञानेश्वरांनी विरहिणी रचिल्या त्या स्त्रीच्या तोंडच्या. नामदेव देवाच्या भेटीसाठी लेकरासारखे रडले, आणि त्या रडण्याची कोणी थट्टा केली नाही. आजही वारीत मिशाळ शेतकरी दुसऱ्या मिशाळ शेतकऱ्याला ‘माउली’ म्हणून त्याच्या पायांवर डोके ठेवितो, आणि कीर्तनात डोळे पुसताना त्याला संकोच वाटत नाही. दुसरीकडे, लोकांच्या छळाने ज्ञानेश्वर रागावून ताटी लावून बसले असता त्यांची समजूत घालण्यास पुढे झाली ती त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई. तिचे ताटीचे अभंग प्रसिद्ध आहेत. भाऊ रागावलेला आणि बहीण विवेक सांगणारी, असे हे दृश्य आहे. पुरुष विवेकी आणि स्त्री भावनावश, ह्या रूढ समजुतीला ते छेद देते.

पुढे मंगळवेढ्याची कान्होपात्रा झाली. ती कलावंतिणीची मुलगी. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बेदरच्या राजाने तिला बोलावणे पाठविले, तेव्हा तिने नकार दिला आणि विठ्ठलाच्या पायी देह ठेविला, अशी कथा आहे. जिच्या शरीरावर जगाने आपला हक्क गृहीत धरिला होता, तिने ‘माझे मन नाही’ एवढेच सांगितले. त्या नकाराची किंमत म्हणून तिला प्राण द्यावा लागला.

असे असले तरी देवळाच्या पायरीखाली ही मोकळीक पोहोचली नाही, हेही मान्य केले पाहिजे. जनी अविवाहित राहिली, मुक्ताईही, कान्होपात्रा कुटुंबाबाहेरचीच. संसारी स्त्रीने असेच मन मोकळे केले असता काय होई, ते सतराव्या शतकातील संत बहिणाबाईने सांगून ठेविले आहे. तिचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी झाला आणि अखेर १७०० साली शिऊर येथे. वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी तिचे लग्न तिशीतील एका बिजवराशी झाले. पुढे तिला तुकारामांचा ध्यास लागला. ब्राह्मण बायकोने शूद्र गुरू करावा आणि लोकांनी तिच्या दर्शनास यावे, हे तिच्या पतीला सहन झाले नाही. त्याने तिला मारहाण केली. बहिणाबाईने हे सर्व आपल्या आत्मनिवेदनात लिहिले. मराठीत एका विवाहित स्त्रीने आपल्या घरातील दुःख स्वतःच्या नावाने नोंदविल्याचे हे फार जुने उदाहरण होय. तथापि तिने अखेर मार्ग काढिला तो पतिसेवा आणि भक्ती ह्यांचा मेळ घालण्याचा. बंडाची भाषा अद्याप तयार व्हावयाची होती.

ती एकोणिसाव्या शतकात तयार झाली, आणि तिचे एक उगमस्थान परभणीच्या शेजारीच, वऱ्हाडातील बुलढाण्यास आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले अनौरस मूल मारल्याबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या दुर्वर्तनावर उपदेशाचा वर्षाव सुरू झाला. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. जे जे दुर्गुण स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. विधवेला कामविकार होऊ नये आणि विधुराला महिन्याच्या आत दुसरी बायको मिळावी, हा न्याय कोणता? ह्या पुस्तकातील भावना एकच आहे, आणि ती म्हणजे राग. पण तो आता सीतेच्या नावाने वा देवाशी बोलत नाही, स्वतःच्या नावाने छापून बोलतो. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी त्याची बाजू घेतली. बाकीच्या समाजाने ते पुस्तक असे विसरून टाकिले की, १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत बहुतेक वाचकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात एक खटला उभा राहिला. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले होते. ती नांदावयास कधीच गेली नाही. १८८४ साली दादाजीने तिचा ताबा मागितला. रखमाबाईचे म्हणणे असे की, अजाण वयात तिच्या संमतीवाचून झालेले हे लग्न तिला मान्य नाही आणि हा पती तिला आवडत नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला की, तिने नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिने तुरुंगात. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. सारा महाराष्ट्र दुभंगला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने तिच्याविरुद्ध लिहिले. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेली, वैद्यकशास्त्र शिकली, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे तिने दीर्घकाळ डॉक्टर म्हणून स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली ती निवर्तली.

ह्या खटल्याचे महत्त्व त्याच्या निकालात तितकेसे नाही. ‘नावड’ ही भावना, जी आजवर जात्याच्या घरघरीत बुडून जात होती, ती प्रथमच कोर्टापुढे पुरावा म्हणून मांडली गेली, हे त्याचे महत्त्व. लग्न हे दोन कुळांचे, की दोन मनांचे? हा प्रश्न एकदा उच्चारला गेल्यावर तो मागे घेता येईना. १८९० साली बंगाल्यात फुलमणी नावाची बालिका नवऱ्याच्या अतिप्रसंगाने मरण पावली, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारा झाले. बारा म्हणजे काही मोठा पल्ला नव्हे. परंतु शरीराच्या व्यवहारात स्त्रीची ‘संमती’ नावाची काही वस्तू असते, हे तत्त्व त्यामुळे घरोघर वादाचा विषय झाले.

पुढील पाऊल रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढिले आणि १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. कामेच्छा स्त्रीलाही असते, ती असणे पाप नव्हे, आणि मातृत्व हे तिच्या इच्छेवर असावे, असे ते निर्भीडपणे लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला ते हरले. पण जो विषय उखाण्यातही यावयाचा नाही, तो मराठी मासिकात आला, तो आलाच.

परभणी ह्या सर्व घडामोडींत कोठे होती? ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, आणि मुंबईपुण्याची मासिके येथे तुरळक पोहोचत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी अंमल संपला, १९५० साली राज्यघटना आली, १९५५ साली हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोट आला, आणि १९५६ साली वारसाचा कायदा. मुंबईने जे अंतर सत्तर वर्षांत कापिले, ते मराठवाड्याला अवघ्या आठ वर्षांत कापावे लागले. कायदा असा झपाट्याने येतो. मन त्याच्या मागून पायी चालत येते. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला. तरी भावाच्या प्रेमाखातर हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी गावोगाव आहेत. भाऊ हा तिच्या ओवीतील सर्वांत लाडका पुरुष. त्याच्याकडे वाटा मागणे म्हणजे माहेर तोडणे, अशी तिची समजूत असते. आणि ती समजूत कोणाच्या सोयीची आहे, हे ती क्वचितच विचारते. कायद्याने दिलेले भावना कशी परत घेते, त्याचे हे ठळक उदाहरण.

ह्याच सुमारास पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मुकी झाली. ह्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पहाटेचे ते कष्ट ज्यांनी केले नाहीत त्यांनाच त्यांचे काव्य वाटावे. जिने जन्मभर ओढले, तिला गिरणी ही सुटकाच होती. मात्र जात्याबरोबर बोलण्याची जागाही गेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि सरोजिनी बाबर ह्यांनी लोकसाहित्याच्या संग्रहांत ओव्या राखून ठेविल्या. नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावे फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावीही १९९६ साली ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि त्यांत सीतेचा वनवास आहे. जनीच्या जिल्ह्यात सातशे वर्षांनंतरही सीता जात्याशी बसलेलीच होती.

आणि पुरुषांचे काय? भावनांच्या जुन्या वाटणीत स्त्रीचे तोंड बांधले गेले, तसे पुरुषाचे डोळेही बांधले गेले, ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. गेल्या काही दशकांत मराठवाड्यात अनेक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला. नापिकी, कर्ज, कोसळलेले भाव ही त्याची कारणे आहेत, आणि त्यांची जबाबदारी भावनेवर ढकलून चालणार नाही. परंतु घरातील कर्त्याने खचावयाचे नाही, बायकोपाशी आपले भय बोलावयाचे नाही, ही शिकवणही त्या एकटेपणात भर घालते. त्याच्या पश्चात शेत, कर्ज आणि मुले ह्यांचा भार जी उचलते, ती तीच स्त्री, जिला दुर्बल मनाची म्हणून काही सांगितले गेले नव्हते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी प्रेम हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. रखमाबाईचा प्रश्न आणि हा प्रश्न वरवर पाहता निराळे, मुळाशी एकच. ज्याचे मन त्याचे, की समाजाने नेमून दिलेले? प्रत्येक पिढीला वाटते की हा प्रश्न आपल्याच काळाने, परक्या वाऱ्याने आणिला. वस्तुतः तो ह्या मातीत जुना आहे.

पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनीचे म्हणून एक जाते दाखविले जाते. वारीस गेलेल्या बायका त्याला हात लावून नमस्कार करितात. त्यांतील अनेकींच्या घरी आता जाते नाही, असले तरी कोपऱ्यात उपडे पडलेले आहे. तरीही त्या तेथे क्षणभर थांबतात. देवाला दळावयास बसविणारी ती दासी त्यांना आपल्यातलीच वाटते. तिने मागितले ते फार नव्हते. आपले कष्ट कोणी तरी वाटून घ्यावे, आणि आपले बोलणे कोणी तरी समोर बसून ऐकावे. घरातील पुरुषाने खुंट्याला हात लावणे अजून अनेक ठिकाणी बाकी आहे. आणि त्याने स्वतः कोणापाशी मन मोकळे करणे, तेही बाकीच आहे.